रोडगा, मांडा आणि विस्तव

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर आले म्हणजे एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. चकली, कडबोळी, शेव, शंकरपाळे, करंजी, चिरोटे, अनारसे हे सगळे जिन्नस तळणीतून निघालेले असतात. लाडू घेतला तर तो भाजलेल्या पिठाचा, नाहीतर तळलेल्या कळ्यांचा. भट्टीत भाजून काढलेला पदार्थ या ताटात बहुधा एकच असतो, तो म्हणजे नानकटाई; आणि तीही मुळात घरची नव्हे, पाहुणी म्हणून आलेली. आपला सण कढईत रमतो, असे म्हटले तर चालेल.

युरोपातील सणांची तऱ्हा निराळी आहे. तिकडे सण भट्टीत शिजतो. ग्रीस देशातच पाहा. ईस्टरला तेथे घरोघर ‘त्सुरेकी’ नावाची गोड रोटी भाजतात. मैद्यात दूध, लोणी, अंडी, साखर घालून, आंबवण लावून पीठ उबेला झाकून ठेवतात. ते फुगून दुप्पट झाले की त्याच्या तीन वळ्या करून मुलीची वेणी घालावी तशी वेणी घालतात. सुवासासाठी रानचेरीच्या बियांतल्या गराची पूड आणि खिओस बेटावरच्या झाडाचा मस्तिकी नावाचा डिंक घालतात, आणि वेणीच्या पेडांत लाल रंगवलेले एक अंडे बसवतात. नाताळात ‘ख्रिस्तोप्सोमो’, म्हणजे ख्रिस्ताची रोटी होते आणि तिच्यावर पिठाचाच क्रूस काढलेला असतो. नववर्षाच्या दिवशी ‘वासिलोपिता’ कापतात. तिच्या पोटात एक नाणे लपवलेले असते आणि ज्याच्या वाट्याला ते येईल त्याचे वर्ष चांगले जाते, अशी समजूत आहे.

ग्रीक लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. लेण्यांना दान देण्याइतके ते या भूमीत रुळले होते. परंतु त्यांच्या आंबवलेल्या रोटीची आठवण येथे कशासाठी? तर तिच्याकडे पाहिले म्हणजे आपल्या वऱ्हाडातील एका दांडग्या, ओबडधोबड, राखेत लोळलेल्या पदार्थाचा इतिहास अधिक स्पष्ट दिसतो. तो पदार्थ म्हणजे रोडगा.

अमरावती-अकोल्याच्या वाचकाला रोडगा समजावून सांगणे म्हणजे पूर्णेला पाणी दाखवणे. पण दिवाळी अंक पुण्या-मुंबईलाही जातो, म्हणून थोडक्यात सांगतो. गहू जाडसर दळून आणायचा. त्या भरड्या कणकेत मीठ, ओवा आणि तेलाचे सढळ मोहन घालून घट्ट गोळा मळायचा. त्याच्या लहान पोळ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेलाचा हात लावायचा, चार-पाच पोळ्या एकीवर एक ठेवून त्यांचा मोठा गोळा वळायचा. इकडे उघड्यावर गोवऱ्यांचा ढीग पेटवून द्यायचा. ज्वाळा बसून लाल आर पडला की त्यात गोळे लावून वरून आरानेच झाकायचे आणि अधूनमधून परतत राहायचे. पाऊण-एक तासाने काढले, राख झटकली, फडक्याने पुसले आणि दोन तळहातांत दाबले की रोडगा पाकळ्या-पाकळ्यांनी उमलतो. मग वर तुपाची धार. वरण आणि वांग्याची भाजी ही त्याची ठरलेली सोबत. आणि गोड हवे तर त्याच गरम रोडग्यात गूळ-तूप कुस्करायचे. माळव्याची बाटी आणि बिहारची लिट्टी ही याच कुळातली भावंडे.

हा पदार्थ रोजचा नव्हे. मारुतीच्या पारावर, शेतातल्या देवापुढे, नवस फेडताना, जत्रेत रोडगे होतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाड्याहून बैतुलकडे जाणाऱ्या वाटेवर बहिरमबुवाचे ठाणे आहे. तेथे डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी सरेपर्यंत जत्रा भरते. कडाक्याची थंडी, राहुट्यांच्या रांगा, मातीच्या हंड्यांत रटरटणारे मटण आणि गोवऱ्यांच्या आरावर लागलेले रोडगे हे बहिरमचे चित्र साऱ्या वऱ्हाडाला पाठ आहे. येथे स्वयंपाक करायला बहुधा पुरुषमाणसे बसतात. एरवी चुलीकडे न फिरकणारे मामा आणि काका धोतराचा काचा मारून आर परततात आणि बायाबापड्या बसल्या जागेवरून ‘इकडचा करपला’ म्हणून सूचना देतात. घरच्या चुलीला सुट्टी आणि घरच्या माणसाला काम, असा हा सण.

आता प्रश्न असा की, सणालाच गहू का आणि सणालाच हा मोठा विस्तव का?

पहिल्याचे उत्तर शेतात आहे. वऱ्हाडचे रोजचे अन्न ज्वारीची भाकर. पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यातल्या काळ्या जमिनीत, पावसाच्या मुरलेल्या ओलीवर बन्सी गहू येई, पण तो मोजका. ताटात रोज येण्याइतका नसे. शिवाय ज्वारीच्या पिठाला ताण नाही. ते थापता येते, पण त्याचा पापुद्रा निघत नाही, त्यात पुरण भरता येत नाही, ते फुगवता येत नाही. गव्हाच्या कणकेत चिकटपणा असतो, म्हणून ती लाटता, ताणता, दुमडता येते. पुरणपोळी, मांडा, रोडगा आणि ग्रीकांची वेणीची रोटी या सगळ्यांची आई एकच, ती गव्हाची चिकट कणीक. प्राचीन अथेन्सचा कायदेकर्ता सोलन याने सरकारी भोजनगृहात रोज सातूचा गोळा आणि सणाच्या दिवशी तेवढी गव्हाची रोटी वाढावी, असा नियम केला होता, अशी नोंद अथेनिअस नावाच्या ग्रीक लेखकाने करून ठेवली आहे. सातूच्या जागी ज्वारी ठेवली की तो नियम वऱ्हाडातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरचा होतो.

दुसऱ्याचे उत्तर विस्तवात आहे. घरची चूल लहान; तिच्यावर एक तवा बसतो आणि एका वेळी एक भाकर निघते. सणाच्या पदार्थाला याहून मोठा विस्तव हवा, आणि मोठा विस्तव एकट्या घराला परवडत नाही. ग्रीक खेड्यांत घरी मळलेले पीठ पाटीत घालून बायका समाईक भट्टीवर किंवा भट्टीवाल्याकडे नेत. आपल्याकडे गोवऱ्या गावाने गोळा करायच्या आणि आर सगळ्यांचा. सणाची रोटी ही अशी पहिल्यापासूनच सामायिक विस्तवाची लेक आहे. आणि जेथे विस्तव सामायिक, तेथे लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: त्या विस्तवाशी कोणी यायचे आणि कोणी यायचे नाही? माझ्या मते रोडग्याचा, मांड्याचा आणि पावाचाही खरा इतिहास या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

जुना पुरावा शोधू गेले तर तो आठ-नऊशे वर्षे मागे नेतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय भोगावे याची त्यात सविस्तर यादी आहे आणि अन्नभोगाच्या प्रकरणात गव्हाच्या पदार्थांची कृती आहे. गहू धुवावा, वाळवावा, दळावा, चाळावा. तूप-मीठ घालून कणीक मळावी. आणि तापलेल्या खर्परावर ‘मंडक’ भाजावा. खर्पर म्हणजे आपले खापर आणि मंडक म्हणजे आपला मांडा. त्याच ग्रंथात ‘अंगारपोलिका’ही आहे, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली पोळी. राजाच्या ताटातली ही अंगारपोलिका आणि आमच्या बहिरमच्या राखेतला रोडगा ही एकाच घरची माणसे वाटतात. एक दरबारात राहिली, दुसरी शेतावर.

मांड्याला खापर लागते आणि खापर कुंभार देतो. येथेच मुक्ताबाईची गोष्ट येते. ती आख्यायिका आहे, पण मराठी माणसाला ती इतिहासापेक्षा जवळची आहे. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेल्या त्या चार भावंडांपैकी मुक्ताईला मांडे करायचे होते. विसोबाने कुंभारांना बजावले, हिला खापर देऊ नका. रिकाम्या हाताने परतलेल्या बहिणीचा चेहरा पाहून ज्ञानदेवांनी योगबळाने जठराग्नी पेटवला आणि तापलेल्या पाठीवर मुक्ताईने मांडे भाजले. ते पाहून विसोबा पालटला आणि पुढे नामदेवांचा गुरू झाला. लहान मुले ही गोष्ट चमत्कार म्हणून ऐकतात. मोठ्यांनी ती बहिष्काराची कहाणी म्हणून ऐकावी. एखाद्या घराचा सण बंद पाडायचा असेल तर त्याचे धान्य हिसकावण्याची गरज नाही; त्याचे खापर आणि त्याचा विस्तव तोडला की पुरे. ‘मनातले मांडे’ हा शब्दप्रयोग आपण हसून वापरतो, पण ज्यांना खापरच मिळाले नाही त्यांनी मांडे मनातच भाजायचे, नाही तर कुठे?

रोडग्याचा नवस किती जुना, याचा दाखला एकनाथांच्या भारुडात आहे. सोळाव्या शतकातले हे पैठणचे संत. त्यांच्या प्रसिद्ध भारुडातली सासुरवाशीण भवानीला रोडगा वाहण्याचे कबूल करते आणि त्याच्या बदल्यात सासू, सासरा, नणंद अशा एकेकाची वाट लावण्याचे मागणे मागते. कीर्तनात आजही यावर हशा पिकतो. त्या हशाआड अध्यात्म आहे, हे निरूपणकार सांगतातच. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की, गरिबाच्या घरची बाई देवीला द्यायचे म्हटले तर सोनेनाणे बोलत नाही, रोडगा बोलते. आणि तो समजावून सांगण्याची गरज कवीला त्या काळीही वाटली नाही. याच नाथांविषयी अशी कथा आहे की, पितरांसाठी रांधलेले श्राद्धाचे अन्न त्यांनी दारावरून जाणाऱ्या भुकेल्या अस्पृश्य कुटुंबाला वाढले आणि गावच्या ब्राह्मणांचा रोष पत्करला. विस्तव ब्राह्मणाच्या घरचा आणि जेवणारे वेशीबाहेरचे. कथेतले धाडस नेमके येथे आहे.

पुढे पाव आला आणि हा प्रश्न आणखी टोकदार झाला. पाव हा शब्दच पोर्तुगीज. गोव्यात ‘पोदेर’ माडाची सुर घालून पीठ आंबवी आणि पहाटे घरोघर पाव पोहोचवी. वसई पोर्तुगीजांकडे १५३४ पासून १७३९ पर्यंत होती. त्या मुलखात अशी कथा सांगतात की, विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेले सगळे गाव एका रात्रीत बाटले. कथा कितपत खरी हा भाग सोडा. पण पावाचा एक तुकडा आख्खा धर्म बुडवू शकतो, ही समजूत मात्र खरी होती. म्हणून १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आदी मंडळींनी परमहंस सभा स्थापन केली, तेव्हा सभासद होण्याची कसोटी काय ठेवली? ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. जातिभेद मानत नाही हे तोंडाने सांगणे सोपे. ते खाऊन दाखवा, असा तो प्रकार. मात्र हे सारे बंद दाराआड चाले. १८६० साली सभासदांची नावे फुटली आणि सभा मोडली. पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, त्यात टिळक-रानडे होते, आणि नावे छापून येताच ग्रामण्य उभे राहिले. रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले, याचे त्यांच्या चाहत्यांना फार वाईट वाटले. एका पेल्याभर चहाने आणि दोन बिस्किटांनी पुणे हादरले, यावर आजच्या मुलांचा विश्वास बसत नाही. परंतु मुक्ताईचे खापर आणि रानड्यांचे बिस्किट यांच्यामध्ये सहाशे वर्षे गेली तरी प्रश्न तोच होता: हे कोणाच्या विस्तवावर भाजले?

वऱ्हाडात हा प्रश्न एका खापरवाल्यानेच हातात घेतला. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म १८७६, गाव शेंडगाव, जिल्हा अमरावती. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला मामाकडे. जातीने परीट. मुलीच्या बारशाला मांस आणि दारूची पंगत घालावी, ही भाऊबंदांची रीत. डेबूजीने गोडाचे जेवण वाढले आणि जातभाईंचा राग ओढवून घेतला. १९०५ साली घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक मडक्याचे खापर. तेच डोक्यावर टोपी आणि तेच जेवायला ताट. त्यात भाकर घेऊन खाई, म्हणून लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले. ज्या खापरासाठी मुक्ताईला कुंभारवाड्यातून परत फिरावे लागले, ते या माणसाने उघड्या रस्त्यावर मिरवले. बाबांच्या शिकवणुकीत पहिले वाक्य भुकेल्याला अन्न देण्याचे. जत्रेतले पशुबळी बंद करा, हे ते कीर्तनातून घसा कोरडा होईस्तोवर सांगत. यात्रेकरूंसाठी त्यांनी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर त्यांचा देह पडला. त्याच अमरावतीत १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रहाची चळवळ उठली होती आणि डॉ. पंजाबराव देशमुख तिच्या पुढे होते. देवळाचे दार आणि रोडग्याचा आर हे एकाच आवारात असतात. दार उघडले तरच पंगत एक होते.

खापराचाही पांग काही वेगळ्याच ठिकाणी फिटला. नागपुराकडे आणि विदर्भात ‘लंबी रोटी’ प्रसिद्ध आहे. बन्सी गव्हाचे पीठ सैल, लवचिक मळून, ते दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवत ताणायचे आणि पालथ्या मडक्यावर अंथरायचे. हे कसब दलित वस्त्यांतल्या बायांनी सांभाळले. आज लग्नकार्यात आणि खानावळीत तिला मागणी आहे. सोमेश्वराच्या मुदपाकखान्यातला मंडक शेवटी कोणाच्या हाती टिकला, हे पाहून इतिहासाला नमस्कार करावासा वाटतो.

आता विस्तव बदलला आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यात सिलिंडर पोहोचले. धुराने डोळे चुरचुरणाऱ्या बायांना त्यातून सुटका मिळाली, यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. गोवऱ्या थापणाऱ्या हातांना विचारल्याशिवाय गोवऱ्यांच्या आठवणी काढू नयेत. पूर्वी नानकटाईसाठी रवा-मैदा, तूप, साखर डब्यात घालून बेकरीत न्यायची आणि आपल्या नावाचा पत्रा भट्टीतून निघेपर्यंत चार घरच्या बायांनी बाकावर गप्पा मारत बसायचे, असे आपल्या शहरांत चाले. ग्रीक बाईची भट्टीवारी हीच. आता ओव्हन ओट्यावर आहे.

त्या ओव्हनमध्ये रोडगा होतो का? होतो. चार वाट्या जाडी कणीक, अर्धी वाटी तेल, चमचाभर ओवा, मीठ. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवावे. पोळ्या लाटून, तेल लावून, पाच-पाचांचे गोळे वळावेत. ओव्हन १८० अंशांवर तापवून पाऊण तास भाजावेत, निम्म्यात एकदा परतावेत. बाहेरून टणक, तांबूस झाले आणि टिचकी मारल्यावर पोकळ वाजले की काढावेत. राखेचा वास येणार नाही, तेवढे उणे. तो वास तुपाने भरून निघत नाही, हे आधीच सांगतो.

पण दुसरे एक उणे भरून काढता येईल. वासिलोपितेविषयी ग्रीक लोक एक कथा सांगतात. केसरियाचा बिशप संत बेसिल याच्याकडे लोकांकडून खंडणीत घेतलेले दागदागिने परत आले. कोणता कोणाचा हे कळेना. त्याने ते रोट्यांत भाजून घरोघर वाटले. म्हणून आजही ती रोटी कापताना पहिला तुकडा ख्रिस्ताचा, मग मरियेचा, संत बेसिलचा, घराचा, आणि घरच्या माणसांइतकाच एक तुकडा गरिबाचा, असे नाव घेऊन वेगळा काढतात. आंबवणही तेथे सप्टेंबरच्या १४ तारखेला, क्रूसाच्या सणाला, देवळातून आणलेल्या सब्ज्याच्या डहाळीने नव्याने लावण्याची चाल आहे. आपल्या तुळशीची ही बहीणच. कार्तिकात तुळशीचे लग्न लावणाऱ्या आपल्याला ती चाल परकी वाटू नये.

गावच्या आरावर रोडगे लागत तेव्हा वाटसरूचा वाटा वेगळा काढावा लागत नसे. तो वासावर येई आणि पंगतीला बसे. निदान ज्याला बसू देत तो बसे. ज्यांना बसू देत नसत त्यांचा आर वेशीबाहेर निराळा पेटे. ओट्यावरच्या ओव्हनला वेस नाही, पण त्याचा वासही दाराबाहेर जात नाही. तेव्हा या दिवाळीनंतर थंडी पडली, पोरेबाळे घरी आली, आणि रोडग्याचा बेत ठरला तर माप थोडे बदलावे. घरात पाच माणसे असतील तर सहा रोडगे लावावेत. आणि तो सहावा थंड होण्याच्या आत कोणाच्या दारी न्यायचा, हे पोरांना ठरवू द्यावे.